तिरळेपणाची शस्त्रक्रिया : निकाल आधी सांगता येतो का?

लेकराचा डोळा फिरतो आहे हे घरात बहुतेक वेळा आईच्याच लक्षात आधी येते. डॉक्टरांसमोर बसल्यावर तिचा प्रश्नही थेट असतो : ऑपरेशन केले तर डोळा सरळ होईल का, आणि झाला तर तसाच राहील का? रिसोड, मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातल्या गावातून अकोल्याला नाहीतर नागपूरला जायचे, एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल द्यायची, सोयाबीनच्या सोंगणीत मजुरी बुडवायची, तर एवढे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. नेत्रवैद्यक या प्रश्नाशी पावणेदोनशेहून अधिक वर्षे झगडते आहे. वाशीम जिल्ह्यातले पालक डोळ्यांसमोर ठेवून त्या कामाचा हा आढावा घेतला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : हे भाकीत आज बऱ्यापैकी करता येते, पण त्यातला मोठा भाग शस्त्रक्रियेच्या दिवसाआधीच ठरून गेलेला असतो.

२६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान फ्रीड्रिख डिफेनबाख या सर्जनने सात वर्षांच्या एका मुलाच्या आत वळलेल्या डोळ्याचा आतल्या बाजूचा स्नायू कापला आणि डोळा सरळ केला. ईथरची भूल यायला अजून सात वर्षे होती. बातमी युरोपभर पसरली आणि ठिकठिकाणी अशा शस्त्रक्रियांचा सपाटा सुरू झाला. डोळा जागच्या जागी सरळ झालेला दिसे. पण पुढे त्यांतले कितीतरी डोळे उलट बाजूला, बाहेर जाऊ लागले. मोकळा सोडलेला स्नायू मागे कुठवर सरकेल आणि कुठे चिकटेल यावर कोणाचा ताबा नव्हता. दुसऱ्या दिवशी दिसणारा सरळ डोळा हा निकाल नसतो, हा या शाखेचा पहिला धडा तिथे मिळाला. पुढे आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी ही शस्त्रक्रिया बरीच आवरती केली. १९२२ मध्ये जेम्सन यांनी स्नायू सोडवून, मोजलेल्या अंतरावर डोळ्याच्या पांढऱ्या कवचालाच शिवण्याची पद्धत मांडली. स्नायू कुठे बसणार हे सर्जनला ठरवता येऊ लागले तेव्हाच, किती सरकवला तर डोळा किती फिरेल, हा हिशेब मांडता येऊ लागला.

तो हिशेब आज प्रत्येक तिरळेपणा-तज्ज्ञाच्या टेबलावर कोष्टकाच्या रूपात असतो. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. आतला सरळ स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर जोडलेला असतो, बाहेरचा सुमारे सात मिलिमीटरवर. जोर कमी करायचा तर स्नायू मागे सरकवतात, वाढवायचा तर आखूड करतात. तिरळेपणा मोजतात प्रिझम डायॉप्टरमध्ये. एक मीटर अंतरावर प्रकाशकिरण एक सेंटिमीटर वळवणारा लोलक म्हणजे एक डायॉप्टर. प्रचलित कोष्टकानुसार डोळे ३० डायॉप्टरने आत वळलेले असतील तर दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू साडेचार-साडेचार मिलिमीटर मागे घेतात, ५० डायॉप्टरने वळलेले असतील तर सहा-सहा. दीड मिलिमीटरच्या फरकात वीस डायॉप्टर बसतात हे पाहिले की काम किती नाजूक आहे ते कळते. शिवाय जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २४च्या आसपास. लहान गोळ्यावर तेवढेच मिलिमीटर जास्त वळण देतात. म्हणून अनुभवी सर्जन छापील कोष्टक जसेच्या तसे वापरत नाहीत; स्वतःच्या जुन्या रुग्णांचे निकाल पाहून ते आपल्या हातापुरते दुरुस्त करून घेतात. ही सवय मला या शाखेतली सगळ्यांत मोलाची वाटते, आणि लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

आता यश म्हणजे काय, ते पाहू. बहुतेक अभ्यासांत डोळे सरळ रेषेपासून १० डायॉप्टरच्या आत आले की शस्त्रक्रिया यशस्वी धरतात. एवढा फरक समोरच्याला सहसा जाणवत नाही, आणि मेंदूला दोन्ही डोळ्यांकडून थोडेफार एकत्र काम करून घेता येते. पण तिरळेपणा मुळात मोजला किती अचूक जातो? लोलक धरून एकेक डोळा आळीपाळीने झाकायचा, आणि तीन वर्षांच्या मुलाने तेवढा वेळ समोरच्या चित्राकडे पाहत राहायचे. ते रडते, आईच्या कुशीत शिरते, जवळचे खेळणे पाहते. जवळ पाहिले की डोळे आत वळतात आणि आकडा बदलतो. अमेरिकेत पेडिग नावाने ओळखल्या जाणाऱ्या बालनेत्रविकार संशोधकांच्या गटाने २००९ मध्ये हेच तपासले. आत वळणाऱ्या डोळ्यांच्या मुलांना दोन निष्णात तपासनिसांनी वेगवेगळे मोजले. वीस डायॉप्टरहून मोठ्या तिरळेपणात दोन मापांमध्ये १२ डायॉप्टरपर्यंतचा फरक निव्वळ मोजण्यातला असू शकतो, असे दिसले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यशाची मर्यादा दहाची, आणि मापातली चूक बारापर्यंत. शस्त्रक्रिया निर्दोष झाली, मिलिमीटर अचूक बसले, तरी काही मुले मर्यादेबाहेर जाणारच, कारण सुरुवातीचा आकडाच डळमळीत होता. निकालाच्या भाकिताला छत पडते ते इथे. कोणतेही सूत्र, कोणतेही यंत्र या छताच्या वर जाऊ शकत नाही. ‘शंभर टक्के सरळ करून देतो’ असे कोणी सांगत असेल तर पालकांनी तिथेच सावध व्हावे.

छत थोडे वर उचलता येते, आणि त्याचा पुरावाही आहे. १९९० मध्ये अमेरिकेत आत वळणाऱ्या डोळ्यांच्या मुलांवर एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना शस्त्रक्रियेआधी चष्म्यावर लोलक चिकटवून काही आठवडे वापरायला दिले. या काळात डोळे किती वळतात हे स्थिरावले, काहींत तिरळेपणा आधीपेक्षा जास्त निघाला, आणि शस्त्रक्रियेची मात्रा त्या नव्या आकड्यावर ठरली. या गटात यश ८३ टक्के, लोलकाविना थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत ७२ टक्के. शस्त्रक्रियेची पद्धत दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो आधी घेतलेल्या वेळामुळे आणि त्यातून ठरलेल्या मात्रेमुळे. लोलकाची सोय सगळीकडे नसते, पण दोन वेगळ्या दिवशी, शक्यतो दोन वेगळ्या माणसांनी मोजणे कुठेही जमण्यासारखे आहे. एकाच भेटीत मोजून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया उरकण्याची पद्धत, विशेषतः शिबिरांच्या घाईत, मुलांच्या तिरळेपणासाठी मला अयोग्य वाटते.

भाकीत मुलागणिक बदलते, त्याआधी तिरळेपणाच्या जातीगणिक बदलते. सगळ्यांत सुखाची जात चष्म्याने सरळ होणारी. मुलाला मोठा अधिक नंबर असतो, स्पष्ट दिसावे म्हणून डोळा ताण घेतो आणि त्या ताणाबरोबर आत ओढला जातो. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी हा संबंध १८६४ मध्येच उलगडला होता. पूर्ण नंबरचा चष्मा लागला की डोळे सरळ; शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. मात्र नंबर खरा कळायला हवा असेल तर डोळ्यांचा ताण औषधाने सैल करावा लागतो. म्हणूनच लहान मुलांना तीन दिवस ॲट्रोपिनचे मलम घालून परत बोलावतात. ही परतीची फेरी चुकली आणि अंदाजाने नंबर लिहिला गेला, तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. चष्मा लावूनही काही तिरळेपणा उरला, तर शस्त्रक्रिया फक्त त्या उरलेल्या भागाची करायची. बिनचष्म्याचा पूर्ण तिरळेपणा धरून शस्त्रक्रिया केलेले मूल पुढे चष्मा लागल्यावर बाहेर पाहू लागते.

दुसरी जात जन्मापासूनच्या सहा महिन्यांत दिसणारी, मोठ्या कोनाची. इथे आई-आजी म्हणतात, ‘मोठं झालं की होईल सरळ.’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण त्याला सीमा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी निरीक्षणात अशा १७० बाळांपैकी ४६ जणांचे डोळे आपोआप सरळ झाले, म्हणजे २७ टक्के. पण ज्यांचा तिरळेपणा ४० डायॉप्टर वा त्याहून मोठा, सतत असणारा आणि दोन्ही तपासण्यांत तसाच आढळलेला होता, नंबरही फार नव्हता, अशा ४२ बाळांपैकी फक्त एक सुधारले. भाकिताचे याहून स्वच्छ उदाहरण या विषयात मला दिसत नाही. बदलणारा, छोटा कोन असेल तर थांबून पाहा. मोठा आणि ठाम कोन असेल तर थांबण्यात काळ जातो, दुसरे काही हाती लागत नाही.

तो काळ का महत्त्वाचा? डोळे सरळ असले तरी दोन्ही चित्रे एकत्र करण्याचे काम मेंदूचे. ह्युबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवून दिले की बालवयात एक डोळा वापरात नसेल तर मेंदूतल्या त्याच्या पेशी दुसऱ्या डोळ्याकडे जातात. त्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल मिळाले. ज्या मुलाच्या मेंदूला दोन डोळे जोडून वापरण्याची सवय आहे, त्याच्यात शस्त्रक्रियेनंतर उरलेले पाच-सात डायॉप्टर मेंदू स्वतः सांभाळून घेतो आणि डोळे वर्षानुवर्षे जागेवर राहतात. ज्याला ती सवयच लागली नाही, त्याचे सुंदर सरळ झालेले डोळेही हळूहळू घसरतात. युरोपातल्या ११ देशांच्या एका अभ्यासात सहा ते चोवीस महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया आणि बत्तीस ते साठ महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया अशी तुलना झाली. निकाल २००५ मध्ये आले. सहाव्या वर्षी खोलीची ढोबळ जाणीव लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के मुलांना होती, उशिरा झालेल्यांपैकी ३.९ टक्के मुलांना. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज लवकरच्या गटात २८.७ टक्के आणि उशिराच्या गटात २४.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. शिवाय उशिरासाठी थांबलेल्यांपैकी २० टक्के मुलांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. लवकरच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. हे आकडे दोन्ही बाजूंना ओढतात. माझा कल मोठ्या आणि ठाम कोनाच्या बाळांना लवकर न्यावे याकडे आहे, कारण खोलीची जाणीव मिळायची ती याच वयात. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता चारात एक आहे, हे पहिल्याच भेटीत पालकांना सांगितले पाहिजे.

तिसरी जात आपल्याकडे फार दिसते : मधूनच बाहेर जाणारा डोळा. मूल दमले, ताप आला, उन्हात उभे राहिले की डोळा बाहेर जातो, हाक मारली की परत येतो. शाळेच्या फोटोत तो नेमका सापडतो. पेडिगने अशा १८३ मुलांना तीन वर्षे काहीही उपचार न करता पाहिले, तेव्हा सुमारे १५ टक्के मुलांचीच स्थिती बिघडली. म्हणजे घाई नको. शस्त्रक्रिया करायचीच तर दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे घ्यायचे, की एकाच डोळ्याचा बाहेरचा मागे आणि आतला आखूड करायचा, हा सर्जनांचा जुना वाद. तीन ते दहा वर्षांच्या १९७ मुलांवर त्याची कसोटी लागली आणि २०१९ मध्ये निकाल आला : तीन वर्षांत असमाधानकारक परिणाम पहिल्या पद्धतीत ४६ टक्के, दुसरीत ३७ टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो. आठ वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले होते. उत्तम केंद्रांत, उत्तम हातांनी केलेल्या शस्त्रक्रियांचे हे आकडे आहेत. या अभ्यासाची कसोटी कडक होती. तीन वर्षांत एकदा जरी डोळा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरी अपयश धरले होते, आणि त्यातली बरीच मुले दिसायला आधीपेक्षा खूप चांगली होती. तरीही बाहेर जाणाऱ्या डोळ्याला पुन्हा बाहेर जाण्याची ओढ असते हे नाकारता येत नाही. म्हणूनच सर्जन मुद्दाम थोडी जास्त दुरुस्ती करतात आणि पहिले काही दिवस डोळे किंचित आत दिसतात. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरतात, ऑपरेशन बिघडले असा समज करून घेतात आणि पुन्हा तपासणीला येत नाहीत.

मेंदूची वाढ मागे पडलेली मुले, कमी दिवसांची जन्मलेली मुले, सेरेब्रल पाल्सीची मुले यांच्यात कोन दिवसादिवसाला बदलतो आणि तेवढ्याच मिलिमीटरना डोळा जास्त वळू शकतो. सर्जन मात्रा कमी ठेवतात आणि भाकीतही सैल ठेवतात.

निकालावर सर्वाधिक वजन कशाचे, असे विचारले तर सुरुवातीचा कोन किती मोठा हे आधी येते. त्यामागोमाग आळशी डोळा येतो. फिरलेला डोळा वापरात नसल्याने त्याची नजर मंदावते, आणि मंद डोळ्याला सरळ धरून ठेवायला मेंदूकडे कारण उरत नाही. उपाय स्वस्त आहे : चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. मध्यम मंदपणात रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, हे पेडिगने २००३ मध्येच दाखवले. शेतावर जाणाऱ्या आईला दोन तास जमतात. सहा तासांचे ओझे अनेक घरांत चार दिवसांत गळून पडते. पट्टीचे काम शस्त्रक्रियेआधी झालेले बरे, आणि शस्त्रक्रियेनंतरही ते संपत नाही.

यंत्रांकडून आज मोठी अपेक्षा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जोएल मिलर यांनी ‘ऑर्बिट’ नावाचे डोळ्याच्या स्नायूंचे संगणकी प्रारूप बनवले, ऑस्ट्रियात तसेच ‘सी प्लस प्लस’ (SEE++) आले. अवघड, लकवा असलेल्या स्नायूंचा विचार करताना त्यांचा उपयोग होतो. आता जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून शस्त्रक्रियेची मात्रा सुचवणाऱ्या आणि मोबाइलच्या फोटोवरून तिरळेपणा ओळखणाऱ्या प्रणाली तयार होत आहेत. यातली दुसरी वाट आपल्या कामाची आहे. आशाताईच्या हातातला फोन गावातच मूल हेरू शकला तर दोन वर्षे वाचतील. मात्रा सुचवणाऱ्या प्रणालीबद्दल मी तेवढा उत्साही नाही. तिला दिलेला कोनच बारा डायॉप्टरने चुकलेला असू शकतो, आणि ती शिकली ती दुसऱ्या देशातल्या, वेळेवर चष्मा मिळालेल्या मुलांवर.

आपला जिल्हा पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख वस्तीचा वाशीम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. पंधरा वर्षांखालची मुले चौथा हिस्सा धरली तरी तीन लाख होतात, आणि शंभरात एक एवढेच तिरळेपणाचे प्रमाण धरले तरी तीन हजार मुले. जगातल्या अनेक पाहण्या याहून जास्त, दोन ते चार टक्के सांगतात. या मुलांपर्यंत पोचणारी व्यवस्था कागदावर नव्हे, प्रत्यक्षात आहे : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या उपचार-यादीत तिरळेपणाची शस्त्रक्रिया आहे. म्हणजे शोधणारे हात आहेत, शस्त्रक्रियेचा खर्च भागवण्याची सोयही आहे.

साखळी तुटते ती मधल्या कड्यांवर. पथकाने चिठ्ठी दिली, पण मलमानंतरची दुसरी फेरी झाली नाही. चष्मा मिळाला, महिन्याभरात काडी मोडली आणि पुन्हा झाला नाही. पट्टी सुरू झाली तेव्हा कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेले. वर सांगितलेले सगळे अभ्यास एकच गोष्ट दाखवतात : निकाल ज्यावर ठरतो ते चष्मा, पट्टी, स्थिर माप आणि वय हे सगळे याच मधल्या काळातले आहे. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या मुलीचा निकाल नागपूरच्या शस्त्रक्रियागृहात जेवढा ठरतो त्याहून जास्त तिच्या चष्म्याची काडी वेळेत बदलली की नाही यावर ठरतो.

एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. लहान मुलाचा तिरळेपणा ही नेहमीच स्नायूंची तक्रार नसते. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, त्याचे दुसऱ्या क्रमांकाचे लक्षण तिरळेपणा हेच असते. पहिले म्हणजे बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. जन्मजात मोतीबिंदूही डोळा फिरवतो. म्हणून बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिल्याशिवाय कोणत्याही मुलाच्या शस्त्रक्रियेची भाषा करू नये. चांगले असलेले मूल अचानक तिरळे पाहू लागले, दोन दोन दिसते म्हणाले, डोके दुखते, उलट्या होतात असे असेल तर ते थेट मोठ्या रुग्णालयाचे काम आहे. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालते. चार महिन्यांनंतरही डोळा फिरत असेल तर दाखवलेच पाहिजे.

‘मुलगी आहे, लग्नाआधी करून घेऊ’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तोवर मेंदूची जुळणी करण्याचे वय निघून गेलेले असते. दिसण्याचा प्रश्नही लग्नापर्यंत थांबत नाही : स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात सहा वर्षांपुढच्या मुलांनी तिरळ्या मुलांना वाढदिवसाला बोलवायचे टाळले. वर्गात चकणा, चकणी म्हणून हाक खाणारे मूल हा निकाल रोज भोगत असते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथे तिरळेपणाची शस्त्रक्रिया सुरू होईल तेव्हा होवो. तिला लहान मुलांना भूल देणारा तज्ज्ञ आणि डोळ्यांचा कोन मोजण्यात मुरलेला माणूस लागतो. पण निकालाचे भाकीत सुधारण्याचे काम आजच सुरू होऊ शकते, आणि त्याला एक नोंदवही पुरते. जिल्ह्यातल्या प्रत्येक तिरळ्या मुलाचे वय, मलम घालून काढलेला नंबर, दोन वेगळ्या दिवशी मोजलेला कोन, पट्टीचे तास, शस्त्रक्रिया कुठेही झाली तरी कोणत्या स्नायूवर किती मिलिमीटर, आणि मग सहा आठवडे, सहा महिने, तीन वर्षांनी पुन्हा मोजलेला कोन. चांगले सर्जन स्वतःपुरते जे करत आले तेच संपूर्ण जिल्ह्यासाठी करायचे. पाच वर्षांनी रिसोडच्या आईला बर्लिनचे किंवा अमेरिकेचे आकडे सांगावे लागणार नाहीत, वाशीमचे सांगता येतील. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी मिळून ही नोंदवही याच वर्षी उघडावी.